बाटली विसळू नका: मुंबईत पाणी, अन्न आणि घरातलं विष कोण तपासतं

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या परळच्या इमारतीत एकाच आठवड्यात तीन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पालिकेकडे तक्रार गेली आणि सकाळी पाणी यायच्या वेळेला नमुना घ्यायला माणूस आला. हातात बर्फाची पेटी, पेटीत काचेच्या बाटल्या, प्रत्येकीच्या तोंडावर कागद बांधलेला. तळमजल्यावरच्या काकूंनी अगत्यानं एक बाटली उचलली. "थांबा, तळाला काहीतरी पांढरं बसलंय, विसळून देते." तो माणूस जवळजवळ ओरडलाच, "काकू, नको! ते पांढरं असायलाच हवं."

ते पांढरं म्हणजे सोडियम थायोसल्फेट. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बाटलीत भरल्यावरही ते काम करत राहतं. नमुना प्रयोगशाळेत पोचायला तीन-चार तास लागले, तर तेवढ्या वेळात ते बाटलीतले जंतू मारून टाकेल आणि अहवाल खोटा चांगला येईल. थायोसल्फेट क्लोरीनला जागच्या जागी थांबवतं. नळाशी पाणी जसं होतं तसंच ते प्रयोगशाळेत पोचतं. बाटली विसळली की हा बंदोबस्त गेला, शिवाय आपल्या हाताचे जंतू आत गेले ते वेगळेच.

मग त्यानं जे केलं ते मी अगदी जवळून पाहिलं. आधी एका छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. औषधाचं नाव ऑर्थोटोलिडिन, म्हणून ह्याला सगळे 'ओटी टेस्ट' म्हणतात. मग नळाचं तोंड पुसलं, स्पिरिटचा बोळा पेटवून त्यानं शेकलं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू दिलं आणि मगच बाटली भरली, वर थोडी जागा रिकामी ठेवून. लगेच बर्फात. असे दोन नमुने घेतले: एक रस्त्यावरून येणाऱ्या लाइनचा, टाकीत पडण्याआधीचा, दुसरा गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या नळाचा. तपासणीतलं सगळं शहाणपण ह्या दोन बाटल्यांत आहे. पहिली खराब निघाली तर दोष रस्त्याखाली, दुरुस्ती पालिकेची. पहिली चांगली आणि दुसरी खराब, तर दोष आपल्या आवारात आणि दुरुस्ती सोसायटीची.

प्रयोगशाळेत हे पाणी जांभळ्या रंगाच्या पोषक द्रवात घालून 37 अंशांवर एक ते दोन दिवस ठेवतात. प्रत्येक परीक्षानळीच्या आत आणखी एक बारीक नळी उलटी बुडवलेली असते. पाण्यात कोलिफॉर्म जातीचे जंतू असतील तर द्रव पिवळा पडतो आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. तसं झालं की पुढची चाचणी 44 अंशांवर होते, कारण त्या उष्णतेतही ई-कोलाय तग धरतो आणि ई-कोलायचं घर म्हणजे माणसाचं आणि जनावरांचं आतडं. तो सापडला म्हणजे पाण्यात मैला मिसळला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही चालत नाही. इथे 'थोडासा' असा प्रकार नाही. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात ते ह्यामुळे. जंतूंना वाढायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. त्यात कुणाची दिरंगाई नसते.

आमचे पहिले दोन्ही नमुने स्वच्छ आले. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मग बोलता बोलता समजलं की तपासणीला माणूस येणार म्हणून सेक्रेटरींनी आदल्या रात्री टाकीत ब्लीचिंग पावडर ओतली होती. हेतू चांगलाच होता. पण जंतू आदल्या रात्रीच मेले होते आणि ते जिथून येत होते ती जागा तशीच उघडी होती. आठवड्यानं पुन्हा नमुने घेतले, ह्या वेळी पावडर न टाकता. लाइनचा नमुना चांगला, टाकीचा खराब. जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीला, गटाराच्या बाजूला, बोट जाईल एवढी भेग निघाली. अहवाल त्या एका बाटलीबद्दल, त्या एका सकाळबद्दल बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं. 'पास' हा शब्द वाचून फाइल बंद करणाऱ्या प्रत्येक सोसायटीला मी हे सांगत असतो.

आता थोडं मागे जाऊ. मुंबईला पाणी सात तलावांतून मिळतं: विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, भातसा, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा. विहार सगळ्यात जुना, 1860 चा. रोजचं पाणी 3,800 दशलक्ष लिटरांहून जास्त. त्यातलं बहुतेक भांडुप आणि पांजरापूर इथे तुरटी, गाळण आणि क्लोरीन ह्यांतून जातं आणि तिथून निघतं तेव्हा उत्तम असतं. ते बिघडतं वाटेत. कारण शहराच्या बहुतेक भागांत पाणी दिवसातले काही तासच येतं. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो. भेग असली तर पाणी बाहेर गळतं, आत काही येत नाही. पाणी बंद झालं की दाब उतरतो आणि उलटा खेळ सुरू होतो: आजूबाजूच्या गटाराचं, साचलेल्या पावसाचं पाणी त्याच भेगेतून आत ओढलं जातं. कुणी लाइनला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी आल्यावरची पहिली काही मिनिटं सर्वांत धोक्याची, आणि म्हणूनच नमुना घेणारा माणूस पाणी सुटायच्या वेळेला येतो. गटारातून नळजोडण्या नेलेल्या वस्त्यांत हा त्रास सगळ्यात जास्त होतो. चांगल्या इमारतीत राहणाऱ्यांनी 'आमच्याकडे नाही होत' असं म्हणू नये. आमच्या टाकीची भेग रंगरंगोटी केलेल्या इमारतीतच होती.

नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असा दंडक आहे. पाण्याला क्लोरीनचा किंचित वास आला म्हणून पाणी खराब समजू नका, तो पहारा आहे. पावसाळ्यात वास एकाएकी गेला आणि पाणी गढूळ झालं, तर तेव्हा काळजी करा आणि खळखळ उकळून प्या.

टीडीएस मीटरबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दारावर येणारा विक्रेता पाण्यात ते यंत्र बुडवतो, आकडा दाखवतो आणि घाबरवतो. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो. जंतूंबद्दल ते यंत्र एक अक्षर बोलत नाही. मैला मिसळलेल्या पाण्याचा टीडीएसही कमी येऊ शकतो. मुंबईचं तलावाचं पाणी मुळातच कमी क्षारांचं आहे. दुसरं एक यंत्र असतं, दोन लोखंडी कांड्या पाण्यात टाकून वीज सोडायची की पाणी तपकिरी होतं. तो रंग कांड्यांच्या लोखंडाचा, पाण्यातल्या घाणीचा नव्हे. आमच्या इमारतीत त्या आजारपणाच्या काळातच दोन जण ही यंत्रं घेऊन आले होते आणि घाबरलेल्या एका आईनं कर्ज काढून फिल्टर घेतला. त्याचा मला अजून राग आहे.

पाण्याची तक्रार पालिकेच्या 1916 ह्या क्रमांकावर किंवा आपल्या विभाग कार्यालयात करायची. पण आजारपण असेल तर नुसती पाण्याची तक्रार करू नका. 'अमुक घरांत, अमुक तारखेपासून, इतके आजारी' असं आरोग्य खात्यालाही कळवा. एका भागातून जुलाबाचे रुग्ण येऊ लागले की विभागाचे आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून आणखी रुग्ण शोधतात आणि कोणत्या नळावर ते एकत्र येतात ते पाहतात.

अन्नाचं प्रकरण वेगळं, कारण तिथे दोन दारं आहेत आणि लोक चुकीच्या दारात उभे राहतात. खानावळीची जागा, तिथली स्वच्छता, पालिकेच्या 1888 च्या कायद्यातल्या कलम 394 खाली मिळणारा परवाना, उघड्यावर कापून ठेवलेली फळं, हे पालिकेच्या आरोग्य खात्याचं काम. पदार्थात भेसळ आहे का, तो खाण्यास सुरक्षित आहे का, लेबल खरं आहे का, हे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं काम. त्यांचा टोल-फ्री क्रमांक 1800 222 365. त्यांच्या हातातला अन्न सुरक्षा कायदा 2006 चा, अमलात आला 5 ऑगस्ट 2011 ला. त्याआधी 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता.

अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून नमुना उचलतो तेव्हा तो फुकट घेत नाही, त्याची किंमत देतो. लेखी नोटीस देतो आणि नमुन्याचे चार भाग करतो. प्रत्येक भाग बांधून, लाखेची मोहोर लावून, त्यावर चिठ्ठी डकवतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात आणि चौथा, दुकानदारानं मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकानं 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर दुकानदाराला 30 दिवसांत दाद मागता येते आणि मग राखून ठेवलेला भाग वरिष्ठ प्रयोगशाळेत जातो. दूध असेल तर ते नासू नये म्हणून दर 25 मिलिलिटरला फॉर्मलिनचे दोन थेंब टाकतात. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठी की उद्या कोर्टात 'हा नमुना माझ्या दुकानातला नाहीच' असं कुणाला म्हणता येऊ नये. मोहोर तुटली, चिठ्ठी फाटली, की खरी भेसळ करणाराही सुटतो.

आपण अर्धी खाल्लेली बिर्याणी डब्यात घालून नेली, तर ती असा नमुना होत नाही. आपल्या घरी तिच्यात काय मिसळलं हे कुणी सांगू शकत नाही. पण ती फेकूही नका. झाकून फ्रिजमध्ये ठेवा, बिल जपा, किती वाजता खाल्लं आणि किती वाजता त्रास सुरू झाला ते लिहून ठेवा. पाकीटबंद वस्तू असेल तर बॅच क्रमांक असलेलं वेष्टन, आणि शक्य असल्यास त्याच बॅचचं न फोडलेलं दुसरं पाकीट. अधिकारी ह्या धाग्यावरून दुकानात जाऊन स्वतःचा नमुना घेतो. ह्याशिवाय 2006 च्याच कायद्यातल्या कलम 40 खाली सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. अट एवढीच की विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. अहवालात दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. ही तरतूद फार कमी लोकांना ठाऊक आहे.

वेळ का लिहायची? कारण आपण नेहमी शेवटच्या खाण्यावर आळ घेतो. स्टॅफिलोकोकस ह्या जंतूचं विष पोटात गेलं तर एक ते सहा तासांत उलट्या होतात. साल्मोनेलाला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत लागू शकतात. 'अ' प्रकारची कावीळ तर दोन ते सात आठवड्यांनी दिसते. म्हणून संध्याकाळच्या वडापाववाल्याला शिव्या घालण्याआधी मागच्या तीन दिवसांचं जेवण आठवा. स्टॅफिलोकोकसचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. दुपारभर ओट्यावर राहिलेलं श्रीखंड किंवा पनीर रात्री फ्रिजमध्ये टाकून काही उपयोग होत नाही. 5 ते 60 अंश ही जंतूंच्या वाढीची पट्टी, आणि मुंबईतली खोली वर्षभर त्याच पट्टीत असते.

वडापाववाल्याकडे बघायचंच असेल तर कढईत बघा. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडल्यावर तयार होणारे पदार्थ, वाढतात. 1 जुलै 2018 पासून त्यांची मर्यादा 25 टक्के आहे, आणि अधिकाऱ्याकडे ते मोजायचं यंत्र असतं. आपल्या डोळ्यांना दिसतो तो काळपट रंग, न विरणारा फेस आणि लवकर उठणारा धूर. वडा वर्तमानपत्रात बांधून देत असेल तर नको म्हणा. तेलकट गरम पदार्थ छपाईची शाई ओढून घेतो आणि असं बांधायला मनाई आहे. उसाच्या रसातला बर्फ निळसर दिसला तर ग्लास खाली ठेवा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायची सक्ती राज्यात जून 2018 पासून झाली. त्याआधी मासळी थंड ठेवायचा बर्फ आणि गोळ्याचा बर्फ वेगळे ओळखताच येत नसत.

खाण्याच्या दुकानाच्या बिलावर किंवा पाटीवर अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा 1 म्हणजे परवाना, 2 म्हणजे लहान धंद्याची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 15. त्यापुढचे दोन वर्षाचे. क्रमांक असला म्हणजे पदार्थ चांगला, असं नाही. पण तक्रार कुणाविरुद्ध करायची ते त्यातून कळतं. आणि अहवालातले शब्द नीट वाचा. पाणी घातलेलं दूध 'कमी दर्जाचं' ठरतं, त्याला 5 लाखांपर्यंत दंड; 'असुरक्षित' ठरलं तर फौजदारी खटला. वर्तमानपत्रं दोन्हींना भेसळ म्हणतात, कायदा म्हणत नाही.

आता विष. पाण्याला जल खातं आहे, अन्नाला प्रशासन आहे, कीटकनाशकांच्या दुकानांना 1968 च्या कायद्याखाली निरीक्षक आहेत. घरातल्या मोरीखालच्या कपाटाला कुणीच नाही. तिथे निरीक्षक आपण.

जुलै 2022 मध्ये मालाडला एका तरुण स्त्रीनं उंदरांसाठी टोमॅटोला विष लावून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी अनवधानानं तोच टोमॅटो नूडल्समध्ये चिरून घातला. ती वाचली नाही. मी ती बातमी वाचली त्या दिवशी उठून आमच्या ओट्याखालचं सगळं बाहेर काढलं. उंदराचं औषध खाण्याच्या वस्तूला लावून स्वयंपाकघरात ठेवायचं नाही, एवढा नियम त्या दिवसापासून पाळतो.

उंदराचं औषध एकच नसतं, हे तर जीव वाचवणारं ज्ञान आहे. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठणं थांबतं. परिणाम दिसायला दिवस लागतात, पण त्यावर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे. काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. त्यावर उतारा नाही. आधी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणसाला अगदी बरं वाटतं आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. त्या बरं वाटण्याच्या दिवसांत नातेवाईक 'आता ठीक आहे' म्हणून सही करून माणसाला घरी आणतात. आणू नका. आणि दवाखान्यात जाताना वेष्टन बरोबर न्या, फाटलेलं असलं तरी. कीटकनाशकाच्या वेष्टनावर एक तिरपा चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात सौम्य हिरवा.

ढेकणांसाठी कुणी धान्याच्या कोठारातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणून ठेवत असेल तर त्याला थांबवा. हवेतल्या ओलाव्यानंच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि चाळीत तो भिंतीच्या फटींतून शेजारच्या झोपलेल्या मुलांपर्यंत जातो. ह्या गोळ्या किरकोळ ग्राहकाला विकायला परवानगीच नाही. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

बाकीचं थोडक्यात. ॲसिड, थिनर, रॉकेल कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नका. संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. बाळंतिणीच्या घरी जुन्या ट्रंकेतली दुपटी डांबरगोळ्यांच्या वासासकट बाळाला गुंडाळू नका. काही बाळांच्या रक्तात एका विकराची जन्मजात कमतरता असते आणि नॅप्थलीनच्या वासानंही त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. आधी धुवा, दोन दिवस उन्हात टाका.

मुलानं रॉकेल किंवा ॲसिड प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात जातं, ॲसिड अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. 108 ला फोन करा किंवा थेट केईएम, सायन, नायर, कूपर ह्यांपैकी जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. वाटेत दुसऱ्या कुणाला 1800 116 117 लावायला सांगा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास चालू असतं. ते मुलाचं वजन, काय प्यायलं, किती प्यायलं आणि किती वाजता, हे विचारतात. वेष्टन हातात धरून वाचून दाखवा.